परसेवा आणि आत्मसुख : स्वामी रामानंद तीर्थ यांच्या चरित्राचे चिंतन

सुखाची ओढ प्रत्येक जीवाला स्वभावतःच असते. अन्नासाठी, आश्रयासाठी, मानासाठी, आप्तांच्या प्रेमासाठी त्याची जी अहोरात्र धडपड चाललेली दिसते, तिच्या मुळाशी हीच ओढ असते. परंतु आपल्यापुरते सुख वेगळे काढून ते जपून ठेवण्याचा प्रयत्न जितका नेटाने करावा, तितके ते हातून निसटते, हाही सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. याच्या उलट, दुसऱ्याचे दुःख हलके करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्या ठायी एक प्रकारची तृप्ती दिसून येते. ही तृप्ती कोठून येते? परोपकार करणाऱ्याला तो परोपकार सुख देतो काय आणि देत असेल तर कोणत्या वाटेने देतो? या प्रश्नाचे उत्तर केवळ तर्काने शोधण्यापेक्षा एखाद्या आयुष्याच्या आधारे शोधले, तर ते अधिक स्पष्टपणे ध्यानी येते.

असे एक आयुष्य धाराशिव जिल्ह्याच्या भूमीत घडले. लोहारा तालुक्यातील हिप्परगा हे गाव मोठे तीर्थ नाही की बाजारपेठ नाही. तरीही मराठवाड्याच्या इतिहासात त्याचे नाव आदराने घेतले जाते, कारण तेथील राष्ट्रीय शाळेत एका तरुण शिक्षकाचे रूपांतर संन्याशात झाले आणि त्या संन्याशाने पुढे हैदराबाद संस्थानाच्या मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले. ते म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ होत. त्यांची परंपरा अद्वैत वेदान्ताची होती. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व स्वतंत्र मानणाऱ्या साधकाला तो सिद्धान्त मान्य होणार नाही, हे उघड आहे. परंतु सिद्धान्ताचा भेद कायम ठेवूनही आचरणातील त्याग ओळखता येतो आणि प्रस्तुत विषय आचरणाचाच आहे.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी त्या वेळच्या विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. पुढील शिक्षणासाठी ते सोलापूरला राहिले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे देहावसान झाले, तेव्हा व्यंकटेशाचे वय सतरा वर्षांच्या आत होते. त्या दुःखाच्या प्रसंगी त्यांनी आजन्म ब्रह्मचारी राहून देशाची सेवा करण्याची प्रतिज्ञा केली. असहकाराच्या चळवळीत सरकारी शाळेचा त्याग करून ते अमळनेरच्या राष्ट्रीय शाळेत गेले आणि त्यानंतर पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात त्यांनी उच्च शिक्षण पूर्ण केले.

कोवळ्या वयात घेतलेली प्रतिज्ञा बहुधा भावनेच्या भरात घेतलेली असते. तिचे मोल ती घेण्याच्या क्षणी कळत नाही. ती मोडण्याची सबळ कारणे समोर येतात, तेव्हाच तिची परीक्षा होते. व्यंकटेशांच्या आयुष्यात अशी कारणे चार वेळा समोर आली. चारही वेळी स्वतःच्या सुखाकडे परत जाण्याची वाट मोकळी होती आणि तसे केले असते तरी कोणी दोष दिला नसता. त्यांच्या चरित्राचा अर्थ या चार प्रसंगांत साठवलेला आहे.

पहिला प्रसंग : आजार आणि हिप्परगा

शिक्षण पूर्ण झाल्यावर व्यंकटेश खेडगीकर हे कामगारांचे ज्येष्ठ नेते नारायण मल्हार जोशी यांच्याबरोबर काम करू लागले. जोशी हे १९२० साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या उभारणीतील प्रमुख पुरुष होते. गिरण्यांत आणि कारखान्यांत राबणाऱ्या माणसांचे हाल जवळून पाहण्याची संधी त्या कामात होती, तसेच देशाच्या सार्वजनिक जीवनात पुढे येण्याचा मार्गही होता. परंतु याच काळात त्यांना गंभीर आजाराने गाठले आणि ते काम सोडणे भाग पडले.

आजारी माणसाचे सर्व लक्ष स्वतःच्या देहाकडे लागते. काय खावे, काय टाळावे, किती चालावे, एवढ्या विचारांभोवतीच त्याचे जग आक्रसत जाते. अशा वेळी कोणी तरुण घरी परतून प्रकृती सांभाळत शांतपणे राहिला असता, तर ते योग्यच ठरले असते. खेडगीकरांनी १९२९ साली हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेची जबाबदारी स्वीकारली.

त्या शाळेचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. आजचा धाराशिव जिल्हा तेव्हा उस्मानाबाद या नावाने निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी होती, परंतु राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. खेड्यातील मराठी मुलाला घरची भाषा एक आणि पुस्तकातील भाषा दुसरी, अशी अडचण पहिल्या पायरीवरच येत असे. खाजगी शाळा काढण्यावर आणि सभा भरवण्यावर सरकारी निर्बंध होते. शेतकऱ्याचा मुलगा शिकेल, ही गोष्टच दुर्मिळ होती. अशा परिस्थितीत १९२१ साली हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा सुरू झाली आणि आपल्या भाषेतून, आपल्या इतिहासाचे भान देणारे शिक्षण तेथे मिळू लागले.

या आडगावच्या शाळेत येऊन खेडगीकरांना काय मिळाले, याचा हिशेब पैशांत केला तर तो शून्याच्या जवळ येईल. प्रतिष्ठेत केला तरी फार मोठा होणार नाही. परंतु ज्याचे लक्ष आजाराने स्वतःच्या देहावर खिळावे, त्या माणसाचे लक्ष दुसऱ्यांच्या मुलांकडे वळले. मूल शिकते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड येतो, तो शिक्षकाच्या वाट्यालाही थोडा येतोच. परसेवेतून सुख मिळण्याची पहिली वाट येथे दिसते. आपले दुःख आहे तेवढेच राहते, पण मनातील त्याची जागा लहान होते, कारण मनात आता इतरांनाही जागा द्यावी लागते.

दुसरा प्रसंग : संन्यास

हिप्परग्याच्या मुक्कामातच, १९३२ साली, खेडगीकरांनी संन्यास घेतला. त्यांना दीक्षा देणारे नारायण स्वामी हे स्वामी रामतीर्थ यांचे शिष्य होते. रामतीर्थ (१८७३-१९०६) हे मूळचे पंजाबचे, लाहोरला गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी १९०१ साली संन्यास घेतला आणि व्यवहारात उतरणाऱ्या वेदान्ताचा उपदेश केला. त्यांच्या परंपरेतील दीक्षेमुळे व्यंकटेश खेडगीकर हे स्वामी रामानंद तीर्थ झाले.

संन्यासानंतर समाजापासून दूर जाण्याची वाट मोकळी असते. एकांत, अटन, नामस्मरण आणि चिंतन हा साधकाचा श्रेष्ठ धर्म आहे आणि त्यात कोणतेही न्यून नाही. स्वामीजीही ती वाट धरू शकले असते. त्यांनी भगवी वस्त्रे धारण केली आणि त्याच वस्त्रांनी पुन्हा वर्गात प्रवेश केला. संन्यासाने त्यांचे घर सुटले, नाव सुटले, गोत्र सुटले, परंतु मुले सुटली नाहीत.

येथे एक सूक्ष्म गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. गृहस्थाच्या परोपकाराला ममतेची मर्यादा असते. तो आधी आपल्या घराचे पाहतो आणि उरलेले इतरांना देतो, आणि ते त्याच्या धर्माला धरूनच असते. ज्याचे आपले असे घरच उरले नाही, त्याला कोणाला आधी आणि कोणाला नंतर द्यावे, हा प्रश्न पडत नाही. ममतेचे कुंपण निघाले की ज्या गावात पाऊल पडते ते गाव त्याचे होते. लीळाचरित्रात पारध्यांच्या हातून सशाला अभय देण्याची जी लीळा आहे, तिचे स्मरण वाचकांस येथे होईल. शरण आलेला जीव कोणाचा, कोठला, हे दया पाहत नाही. परमेश्वराची कृपा आणि माणसाचे सेवाकार्य यांची बरोबरी करता येत नाही, परंतु दयेची दिशा त्या लीळेतून शिकता येते.

परसेवेतून सुख मिळण्याची दुसरी वाट ही आहे. माणसाचे बहुतेक भय ममतेतून येते. जे माझे आहे ते जाईल, या चिंतेने तो झुरतो. माझेपण जितके सैल होते, तितके भयही सैल होते, आणि भय सैल झाले की तेथे जे उरते त्याला शांती म्हणतात.

१९३५ साली स्वामीजींनी हिप्परगा सोडले आणि ते मोमिनाबाद म्हणजे आजच्या अंबाजोगाई येथे गेले. तेथे बाबासाहेब परांजपे आदी सहकाऱ्यांसह त्यांनी योगेश्वरी विद्यालयाच्या उभारणीला वाहून घेतले. सहा वर्षे ज्या शाळेसाठी देह झिजवला ती मागे ठेवून दुसरीकडे पहिल्यापासून आरंभ करणे सोपे नसते. अनेक सेवाभावी माणसे याच ठिकाणी अडखळतात. ती घर सोडतात, पण संस्थेलाच घर करून बसतात. हिप्परग्याची शाळा स्वामीजींची मालमत्ता झाली नाही आणि अंबाजोगाईची शाळाही झाली नाही. हिप्परग्यात शिकलेल्यांपैकी अनेक जण पुढे मुक्तिसंग्रामात उतरले, हेच त्या सहा वर्षांचे फळ होय.

तिसरा प्रसंग : कारागृह

१९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि मराठवाड्यात राजकीय जागृतीला वेग आला. पुढच्या वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना होण्यापूर्वीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी ही बंदी मोडून सत्याग्रहास आरंभ झाला. शाळेचे शांत काम सोडून स्वामीजी या लढ्यात उतरले आणि त्यांना कारावास भोगावा लागला. पुढे १९४० च्या सत्याग्रहात आणि १९४२ च्या आंदोलनातही त्यांना तुरुंगात जावे लागले. मूळचीच प्रकृती नाजूक, त्यात कारागृहातील अन्न आणि एकांत. पहिल्या कारावासानंतर शाळेत परतून अध्यापनातच रमण्याचा मार्ग त्यांना खुला होता, आणि ती सेवाही सेवाच ठरली असती. तरी ते लढ्यातच राहिले.

१९४६ साली स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली आणि संघटनेचे अध्यक्षपद स्वामीजींकडे आले. देश स्वतंत्र होत असताना हैदराबाद संस्थानाने भारतात सामील होण्याचे टाळले. ७ ऑगस्ट १९४७ हा दिवस भारतात विलीन होण्याच्या मागणीचा दिवस म्हणून संस्थानभर पाळला गेला. १५ ऑगस्ट रोजी अवघा देश स्वातंत्र्याचा उत्सव साजरा करीत असताना स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबरअखेर त्यांची सुटका झाली, परंतु जानेवारी १९४८ मध्ये त्यांना पुन्हा कैद करण्यात आले.

या काळात मराठवाड्याच्या खेड्यांनी अपार दुःख सोसले. रझाकार संघटनेचा प्रमुख कासीम रझवी हा लातूरचा वकील होता आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. रझाकारांच्या अत्याचारांमुळे अनेक कुटुंबे घरदार टाकून सरहद्दीपलीकडे बार्शी आणि सोलापूर या भागात आश्रयाला गेली. सरहद्दीवर स्वयंसेवकांची शिबिरे उभी राहिली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली. त्याच दिवशी स्वामीजी कारागृहातून बाहेर आले. आज १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो.

कारागृहात सुख असते असे म्हणणे हा शब्दच्छल होईल. तेथे क्लेश असतात आणि ते क्लेशच असतात. परंतु क्लेश आणि दुःख यांत अंतर आहे. जो क्लेश निष्फळ वाटतो तो माणसाला आतून पोखरतो, आणि जो इतरांच्या सुटकेसाठी स्वतः होऊन पत्करलेला असतो त्याला अर्थ असतो. प्रसूतीच्या वेदनांना माता दुःख म्हणून आठवत नाही. देह कष्टत असतानाही मन खचत नाही, याचे कारण या अर्थात आहे. परसेवेतून सुख मिळण्याची ही तिसरी वाट होय.

चौथा प्रसंग : सत्तेच्या दारात

संग्राम जिंकल्यानंतरचा काळ सेनापतीच्या दृष्टीने अधिक कठीण असतो. संकटाला तोंड देऊ शकणारी माणसे सत्कारापुढे हरलेली इतिहासात पुष्कळ दिसतात. संस्थान मुक्त झाले तेव्हा स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव घरोघर पोहोचले होते. त्यांनी मंत्रिपद स्वीकारले नाही. १९५२ साली गुलबर्गा येथून आणि १९५७ साली औरंगाबाद येथून ते लोकसभेवर निवडून गेले, परंतु सत्तेचे आसन त्यांनी कधी ग्रहण केले नाही. १९५० साली नांदेड येथे पीपल्स कॉलेज सुरू झाले, त्या संस्थेच्या स्थापनेत ते अग्रभागी होते. ज्या कामापासून त्यांनी आरंभ केला होता त्याच शिक्षणाच्या कामाकडे ते पुन्हा वळले.

याहून मोठा त्याग पुढेच होता. हैदराबाद संस्थान ज्या रूपात होते त्याच रूपात एक राज्य म्हणून टिकले असते, तर स्वामीजींचे तेथील स्थान अबाधित राहिले असते. तरीही भाषेनुसार या राज्याची विभागणी व्हावी आणि मराठी, तेलुगू, कानडी लोकांना आपापल्या भाषेच्या राज्यात जाता यावे, असा आग्रह त्यांनी धरला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विसर्जित झाले. तेलंगणाचा प्रदेश आंध्र प्रदेशात, कानडी जिल्हे म्हैसूर राज्यात आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. ज्या राज्याच्या मुक्तीसाठी त्यांनी जीवन वेचले ते राज्यच नकाशावरून नाहीसे झाले आणि त्याबरोबर त्यांच्या नेतृत्वाची भूमीही विभागली गेली. लोकांच्या हितासाठी आपल्या मोठेपणाचा पायाच काढून घ्यावा, अशी उदाहरणे सार्वजनिक जीवनात थोडीच सापडतात.

या काळात त्यांना मतभेदांचे कटू अनुभवही आले. संग्रामातील काही निकटचे सहकारी वेगळ्या वाटांनी गेले, संघटनेत गट पडले. सेवा करणाऱ्याच्या वाट्याला नेहमी कृतज्ञताच येते असे नाही. परंतु ज्याची सेवा कृतज्ञतेच्या अपेक्षेवर उभी असते, त्याचे सुख दुसऱ्याच्या हाती गहाण पडलेले असते. तो एका स्तुतीने उंच जातो आणि एका निंदेने खाली कोसळतो. म्हणून परोपकाराला फलापेक्षेचा स्पर्श होऊ नये, याविषयी साधकाने सावध असावे लागते. फलाच्या अपेक्षेने केलेले कर्म जीवाला बांधते, हे तत्त्व दानाला लागू आहे तसे सेवेलाही लागू आहे. सुख मिळावे म्हणून सेवा करणे हाही एक व्यापारच होय. सुखाची मागणी न करता केलेल्या सेवेमागोमाग ते आपण होऊन येते. ही चौथी वाट, आणि पहिल्या तीन वाटा याच वाटेला येऊन मिळतात.

चरित्राचा बोध

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे स्वामीजींचे देहावसान झाले. बेगमपेठ येथे त्यांचे स्मारक आहे. अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय त्यांच्या नावाने चालते. नांदेड येथे १९९४ साली स्थापन झालेल्या विद्यापीठालाही त्यांचेच नाव देण्यात आले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे स्वतःला त्यांचे शिष्य मानीत. संन्याशाने नाव टाकले आणि लोकांनी ते नाव शाळांच्या, महाविद्यालयांच्या दारावर लिहिले.

स्वामीजी सुखी होते काय, असे कोणी विचारील. दुसऱ्याच्या अंतःकरणात शिरून पाहण्याचे साधन माणसाजवळ नाही. परंतु माणूस ज्या वाटेवर कष्टी असतो ती वाट तो पहिली संधी मिळताच सोडतो, हा जगाचा साधा अनुभव आहे. आजारपणात, संन्यासानंतर, कारावासानंतर आणि विजयानंतर, अशा चार वेळा ही संधी स्वामीजींसमोर आली. चारही वेळी त्यांनी लोकसेवेचीच वाट धरली. सुखाचा याहून विश्वसनीय पुरावा बाहेरून मिळणे कठीण आहे.

प्रत्येकाच्या वाट्याला मुक्तिसंग्राम येत नाही आणि यावा अशी आवश्यकताही नाही. हिप्परग्याच्या शाळेतील काम लहानच होते. दुसऱ्याचे मूल शिकवणे, रोग्याजवळ बसणे, भुकेल्याला आपल्या ताटातले देणे, वृद्धाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेणे, एवढे तर प्रत्येक गृहस्थाला साधण्यासारखे आहे. आश्रमातील साधकालाही सोबत्याच्या आजारपणात शुश्रूषा करण्याचा, नव्याने आलेल्याला पोथी लावून देण्याचा, वाटेत थकलेल्याचे ओझे उचलण्याचा प्रसंग रोजच येतो. अशा वेळी हे माझे काम नव्हे, असा विकल्प मनात उठतो. तो विकल्प बाजूला सारून हात पुढे करावा. त्या क्षणी सुखाचा विचारही मनात नसावा.

परसेवेने जीवाला मोक्ष मिळतो असे नाही. मोक्ष परमेश्वराच्या अधीन आहे. परंतु अहंता आणि ममता यांचे ओझे ज्याने थोडे तरी खाली ठेवले, त्याचे चालणे हलके होते आणि त्याच्या सोबत चालणाऱ्यांचेही हलके होते. धाराशिवच्या मातीत शिकवायला आलेल्या एका आजारी तरुणाच्या चरित्रातून साधकाने एवढे उचलले, तरी ते पुष्कळ होईल.